इकाचं माप

१

बूरा वाहून थांबला की दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्याभोवती फेरी मारायची, हा त्या घरचा नेम होता. वेलेबिट डोंगराच्या माथ्यावरून समुद्राकडे सुटणारा तो वारा झाडं मोडतो, मेंढ्या उचलून टाकतो, आणि चुनामाती न घालता नुसते दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या गडग्याला कुठे ना कुठे खिंडार पाडतोच. खिंडारं बघायची, सगळ्यांत मोठं असेल ते आधी बुजवायचं, मग धारा काढायच्या. स्ताना या घरात सून म्हणून आली त्याला सव्वीस वर्षं झाली होती आणि सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. फरक एवढाच, की आधी ही फेरी सासू मारायची. सासूला, म्हणजे इकाला, खाली चर्चच्या आवारात पुरल्याला आज बारा दिवस झाले होते.

काल संध्याकाळी वारा पडताना स्तानाने दारात उभं राहून पाहिलं होतं. खिंडारं तीन होती. आज दोन होती.

"तीन होती," ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला चौदा मेंढ्या होत्या.

ती जवळ गेली. उन्हाळाभर पाणी पुरवणाऱ्या बर्फाच्या खड्ड्याकडच्या बाजूचं खिंडार बुजलं होतं, आणि ते कोणी घाईने बुजवलेलं नव्हतं. जड दगड खाली, लांबट दगड आडवे आत घुसवलेले, सांध्यावर सांधा कुठेही येऊ दिलेला नाही, आणि फटींमध्ये बारीक चिपा ठोकून बसवलेल्या. तिने खांद्याने रेटून पाहिलं. गडगा हलला नाही.

इकाने बांधलेला हा गडगा तीनशे पावलांचा होता. आत एक खोलगट जागा, तिच्या तळाशी बटाट्यापुरती माती, आणि बाकी सगळीकडे वस्तऱ्यासारखा धारदार पांढरा खडक. ती मातीही इकाने टोपल्यांतून वाहून आणलेली. युद्धात घर दोनदा जळलं, दोनदा तिने छप्पर घातलं. एकदा पाण्याचं पिंप पाठीवर घेऊन येताना पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं, तर हात डोक्याच्या रुमालात अडकवून दुसऱ्या हाताने मेंढ्या पिळल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षी गेली तेव्हाही डाव्या हातात चिपा ठोकायचा गोटा होता. खालच्या गावात म्हणत, डोंगर आणि इका या दोघांत मवाळ कोण, तर डोंगर.

आता हे सगळं सोडून जायचं होतं. वरच्या अकरा घरांपैकी दोनच घरांतून धूर निघत होता. स्तानाचा नवरा यांद्रे बंदरावरच्या शहरात जहाजांच्या कामावर लागला होता आणि त्याने दोन खोल्या मिळवल्या होत्या. मुलगी नेवेंका तिथेच, तिला नववा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण. सप्टेंबरअखेर, संत मिहोवीलच्या दिवसाच्या आत, दर हिवाळ्याआधी उतरतात तसं स्तानाने खाली यायचं, पण या वेळी पुन्हा वर न येण्यासाठी, असं ठरलं होतं. त्याला नऊ दिवस उरले होते.

उरलेली दोन खिंडारं तिने स्वतः बुजवली. सोडून जायच्या घराचा गडगा कशाला बांधायचा, हा प्रश्न तिच्या मनात आला तो काम संपल्यावर.

२

वरच्या दुसऱ्या घरात शिमून राहायचा. सत्तरीचा विधुर, आयुष्यभर गवंडीकाम केलेला. तो दर दोन दिवसांनी तंबाखूची पिशवी घेऊन यायचा आणि कॉफी पिऊन जायचा.

"काका, उपकार झाले," स्ताना म्हणाली. "पण हाक तरी मारायचीत. चोरासारखं काय काम करून जायचं?"

"कसले उपकार?"

"गडगा बांधलात तो."

"मी? अगं, मला हल्ली माझ्या विजारीची नाडी बांधता येत नाही. रोज सकाळी मांजराला विचारतो, बाई, गाठ मारतेस का."

"मस्करी नको."

"मस्करी तू करतेयस. कुठला गडगा, दाखव."

ती त्याला घेऊन गेली. शिमूनने आधी लांबून पाहिलं, मग जवळून, मग दगडावरून तळवा फिरवला. गवंडी माणूस दुसऱ्याचं काम बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आधी खोट शोधणारी नजर येते. ती आली आणि गेली. शेवटी तो वाकला आणि फटीतल्या चिपांवरून एक बोट ओढत नेलं.

"तू डावरी आहेस का गं?"

"नाही."

"मीही नाही." त्याने पाइप तोंडातून काढला आणि तो पेटलेलाच नाही हे आता लक्षात आल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "चिपा डावीकडून ठोकल्यात. सगळ्या."



"जुना भाग असेल," स्ताना म्हणाली. "पडलाच नसेल. मलाच अंधुक उजेडात तसं दिसलं असेल."

"असेल," शिमून म्हणाला. कॉफी न घेता तो घरी गेला. सव्वीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

३

त्या डोंगरातली रीत अशी. वरच्या कुरणांवर कोणी मेलं की चौघांनी खांद्यावर घेऊन चार तास खाली उतरायचं. वाटेत तिरडी जमिनीला टेकवायची नाही. वारा असो, पाऊस असो, खांदा सोलवटून निघो, टेकवायची नाही. मध्ये विसाव्याची एक मोकळी जागा आहे, तिथेच फक्त टेकवायची. तिथे प्रेत उन्हाकडे तोंड करून ठेवायचं, डोक्याशी एक दगड उभा करायचा, पायाशी दुसरा, आणि मधली जागा चपट्या दगडांनी फरसबंद करायची. याला म्हणतात माणसाचं माप. शरीर खाली पुरतात, पण तिरडी पहिल्यांदा जिथे टेकते तिथे, मापाशी, जीव राहतो. म्हणून लोक थडग्यापेक्षा मापाची देखभाल अधिक करतात. एकदा मांडलेलं माप कोणी हलवत नाही आणि त्याला ओलांडून कोणी जात नाही.

इकाला नेलं त्या दिवशी सगळं रीतीप्रमाणे झालं. विसाव्यावर शिमूनने हेझेल झाडाच्या काठीने तिची उंची मोजली, यांद्रेने डोक्याचा दगड लावला. तिथून खाली जाताना लोक म्हणत होते, म्हातारीचं माप झोकात झालं.

पण त्याआधी, अगदी निघताना, एक गोष्ट झाली होती. अंगणातून बाहेर पडायला गडग्यात एकच वाट होती. चौघं तिरडी घेऊन त्या वाटेत शिरले आणि स्तानाला दिसलं, की सासूचे पाय उघडे आहेत. लोकरीचे मोजे तिने स्वतः विणून ठेवले होते आणि गडबडीत घालायचे राहिले होते.

"थांबा," ती ओरडली.

चौघांनी तिरडी खांद्यावरून गुडघ्यापर्यंत उतरवून धरली. स्ताना मोजे घेऊन धावत आली. पाय ताठरले होते. एक मोजा चढला, दुसरा चढेना. ती टाच धरून ओढत होती, रडत होती, आणि शिमूनच्या हाताला गोळा आला. आधी एक कोपरा टेकला, मग चारही.

'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हणून होईल एवढाच वेळ. मग त्यांनी ती उचलली.

"टेकली नाही," शिमून म्हणाला.

"टेकली नाही," यांद्रे म्हणाला. उरलेले दोघंही म्हणाले. सगळ्यांनी स्तानाकडे पाहिलं.

"टेकली नाही," ती म्हणाली.

४

त्या घराच्या भिंती दोन हात जाड होत्या. आत एकच खोली. मध्ये चूल, धूर छपराच्या फटींतून बाहेर जायचा, एका बाजूला फळीवर चीजचे गोल, दुसऱ्या बाजूला दोन खाटा. इकाची खाट रिकामी होती. तिच्यावर स्तानाने बांधाबांध केलेली गाठोडी ठेवली होती. रिकामी खाट बघवत नाही म्हणून ठेवली होती, पण कोणी विचारलं असतं तर जागा नाही असं तिने सांगितलं असतं.

दुपारी ती मक्याचं पीठ घोटत होती. बाहेर वारा नव्हता. मेंढ्या सावलीला बसल्या होत्या. अशा वेळी त्या डोंगरात इतकं शांत असतं की खडक तापताना करकरतो तेही ऐकू येतं.

टक्.

मग बराच वेळ काही नाही. हा वेळ कशाचा असतो हे तिला माहीत होतं. दगड ठेवून झाला की इका तो हाताने फिरवायची, त्याचं तोंड शोधायची. दगडाला तोंड असतं असं ती म्हणायची. स्ताना नवी नवरी होऊन समुद्रकाठच्या गावातून आली तेव्हा इकाने तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले होते. "हे हात आहेत का चीज आहे? मऊ हात लागला की दगड रुसतो, सूनबाई."

टक्-टक्.

म्हणजे तोंड सापडलं आणि चीप बसली.

घोटणी तशीच हातात घेऊन स्ताना बाहेर आली. ऊन रखरखत होतं. कोणी नव्हतं. मेंढ्यांनी मात्र माना वळवून सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं होतं, गडग्यातल्या वाटेकडे.

वाटेच्या डाव्या टोकाला एक दगड नवा होता. त्याच्यावरची शेवाळाची बाजू अजून ओलसर होती, म्हणजे आत्तापर्यंत तो सावलीला पालथा पडलेला होता. कडेला पांढरी पूड सांडली होती. तिने बोटाला लावून पाहिली. ताजी होती.

तापलेला खडक तडकतो, तिने स्वतःला सांगितलं. दगड घसरतात. मेंढी अंग घासते. ही तिन्ही कारणं खरी होती. त्यांतलं एकही दगडाला उलटं करून नीट बसवत नाही, हेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या खड्ड्यातून पाणी आणताना पाठीवरचं पिंप वाटेत अडकलं. सव्वीस वर्षं ते पिंप घेऊन ती त्या वाटेतून आली होती. तिला तिरकं व्हावं लागलं.

५

रविवारी यांद्रे खेचर घेऊन वर आला. खेचर वाटेतून आत येईना. त्याने लगाम ओढला, शिव्या दिल्या, मागून ढकललं. पाठीवरच्या खोगिराची लाकडं दोन्ही बाजूंनी दगडांना लागत होती.

"ही वाट कोणी बुजवली? तुला थंडी वाजतेय का?"

"मी नाही."

"मग काय मेंढ्यांनी?"

स्तानाने सगळं सांगितलं. यांद्रेने ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. शहरात राहून त्याच्या अंगाला तेलाचा वास येऊ लागला होता आणि तो पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलायचा, एवढंच.

"एकटी राहिलीस ना पंधरा दिवस," तो म्हणाला, "म्हणून. आईची सवय झालेली. मलाही बंदरावर काम करताना मागून तिची हाक ऐकू येते, 'अरे यांद्रे, कमरेतून वाक, पाठीतून काय वाकतोस बुद्दू.' त्याला काय करणार."

"यांद्रे, त्या दिवशी तिरडी टेकली होती ना?"

तो बुटांकडे बघत राहिला. "नाही," तो म्हणाला.

मग त्याने कुऱ्हाडीचा दांडा घेतला आणि वाटेची एक बाजू पाडायला लागला. दगड निघेनात. एक काढायला जावं तर तो शेजारच्या तिघांनी धरून ठेवलेला. त्याला घाम फुटला, आणि मध्येच तो थांबून हसला. "म्हातारीने काय बांधलंय बघ," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका अभिमान होता की स्तानालाही हसू आलं. शेवटी त्याने हातभर जागा मोकळी केली, खेचर आत घेतलं, पेटी आणि दोन गाठोडी लादली.

"चल माझ्याबरोबर. आत्ता."

"चीज मिठात आहे अजून. मेंढ्या कोण बघेल? बुधवारी शिमूनकाकांचा भाचा मेंढ्या न्यायला येणार."

"मग बुधवारी येतो मी. तीन दिवस." त्याने तिचा गाल थोपटला. "नेवेंका रोज विचारते. पाय सुजलेत तिचे. म्हणते, आई आल्याशिवाय मी काही सोडणार नाही पोराला बाहेर."

जाताना त्याने वाटेतून मागे वळून पाहिलं नाही. दगडांना अंग लागू नये म्हणून पोट आत घेऊन गेला हे मात्र तिने पाहिलं.

६

सोमवारी सकाळी ती हातभर जागा बुजलेली होती. वर आणखी दोन थर चढले होते. स्तानाला एका अंगाने जेमतेम बाहेर पडता येत होतं. मेंढ्यांना येत नव्हतं.

गडगा आता तिच्या डोक्याच्या वर गेला होता, वाटेपाशीच नव्हे, सगळीकडे. कधी गेला? चढून पाहायला तिने पाय ठेवला तर वरचे दगड मुद्दाम सैल ठेवलेले होते, लांडगा चढू नये म्हणून ठेवतात तसे. अंगावर घेतले असते तर पाय मोडला असता.

ती तशीच शिमूनकडे गेली. तो दारात बसला होता, जणू वाट बघत.

"टेकली होती," ती म्हणाली. बसलीसुद्धा नाही.

शिमूनने तंबाखूची पिशवी बाजूला ठेवली.

"काका, तुमच्या कोपऱ्यात आधी टेकली. मी पाहिलं. चूक माझी, मी थांबवलं. पण टेकली."

"टेकली," शिमून म्हणाला. हा शब्द तोंडातून काढायला त्याला पंधरा दिवस लागले होते आणि तो काढल्यावर म्हातारा एकदम लहान दिसायला लागला. "विसाव्यावर जे मांडलंय ना आम्ही, ते रिकामं आहे. ती तिथे कधी पोचलीच नाही. तिला काय माहीत आपण मेलोय ते? माणूस अंगणात आहे, वारा येतोय, हिवाळा तोंडावर आलाय. ती काय हात बांधून बसेल? इका?"

"मग चला. खरं माप मांडू. जिथे टेकली तिथे."

"मी नाही. मी पाद्र्यासमोर शपथ घेतलीय टेकली नाही म्हणून." त्याने वर आढ्यात खोचलेली हेझेलची काठी काढून तिच्या हातात दिली. "तू थांबवलंस, तू मांड. डोकं आतल्या बाजूला, पाय बाहेर, नेत होतो तसे. आणि नीट ऐक. मांडून झालं की ती वाट संपली. मापावरून पाऊल कोणी टाकत नाही, तूही नाही. शेवटचा दगड पायाचा. तो बसेल तेव्हा तू बाहेर असली पाहिजेस."

"आणि आत राहिले तर?"

"पोरी," शिमून म्हणाला, "बाहेर राहा."

७

मंगळवारी पहाटे डोंगरमाथ्यावर ढगाची टोपी बसली होती. टोपी बसली की दुपारपर्यंत बूरा सुटतो, हे तिथे पाळण्यातलं पोरही सांगेल. स्तानाने घाई केली. वाटेच्या उजव्या बाजूचे वरचे थर तिने मेंढ्यांपुरते कसेबसे पाडले, एकेक मेंढी लोकर धरून बाहेर ओढली, चीजचे गोल बाहेर नेऊन ठेवले. चुलीवर पाणी ओतलं, निखारे चिरडले, राख हाताने चाचपून पाहिली. गार होती. दार ओढून घेतलं. मागे टक्-टक् चालू होतं, आता अगदी जवळ, आणि ती त्या दिशेला बघत नव्हती.

"आई, जरा थांबा," ती एकदा म्हणाली. "मला मांडू दे." आवाज थांबला.

ढग खाली उतरला. वाटेत उभं राहिलं तर घर दिसेना, मेंढ्याही दिसेनात. तिने आतल्या बाजूला डोक्याचा दगड उभा केला, काठी आडवी ठेवून पायाची खूण केली आणि बाहेरच्या बाजूला सरकत सरकत चपटे दगड मांडत आली. हात सोलवटले. पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं की आपण प्रत्येक दगड हातात फिरवतोय, तोंड शोधतोय, आणि ते सापडतंय. हे हात आता चीज राहिले नव्हते. हे कधी झालं हे सासूने तिला सांगितलं नव्हतं. सांगणारी ती नव्हतीच.

पायाचा दगड तिने आधीच हेरून ठेवला होता. वाटेच्या बाहेर दहा पावलांवर, माणसाच्या छातीएवढा उंच, एका बाजूने सपाट. एकटीला जड होता. पण इकाला हलका दगड लावायचा हे तिच्या मनाला पटत नव्हतं. तिने तो या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर असा डोलवत आणायला सुरुवात केली. तीन पावलं झाली, चार झाली. मग तो आडवा पडला. तिने वाटेकडे पाठ केली, वाकली, जवळचं टोक धरलं आणि मागे मागे ओढू लागली.

दगड हलका झाला.

दुसरं टोक वर उठलं होतं.

स्तानाने नजर दगडावरच ठेवली. शेवाळाचे ठिपके होते, एक पांढरी शीर होती. ती मागे सरकत होती आणि दगड तिच्याबरोबर येत होता, एका लयीत, जशा सव्वीस वर्षं दोघींनी मिळून ओंडके, पिंपं, आजारी मेंढ्या उचलल्या होत्या तसा. तिला वाटलं, आपण भीत नाही आहोत. मग तिची टाच चपट्या दगडाला लागली.

ती मापाशी आली होती. पायाची खूण तिच्या पावलाखाली होती. ती थांबली. दगड थांबला नाही. तो तिच्या पोटाला लागला आणि रेटू लागला, दांडगाई न करता, आपल्या माणसाला घरात घ्यावं तसा. आणखी एक पाऊल मागे टाकलं की ती मापावर, आणि मापाच्या पलीकडे अंगण.

"आई," ती म्हणाली. तिचा श्वास पांढरा निघत होता. दगडाच्या त्या टोकाला श्वास दिसत नव्हता. "आई, नेवेंकाला दिवस भरलेत."

रेटा तसाच होता.

"माझी वेळ आली तेव्हा वर कोणी नव्हतं. छप्पर उडून चाललं होतं. तुम्ही एका हाताने वासा धरला होतात आणि दुसऱ्या हाताने तिला बाहेर घेतलंत. तुम्ही होतात म्हणून मी आहे. तिच्याजवळ कोण आहे आई? तिच्याजवळ मी नको?"

काहीच झालं नाही. मग तिने थोडी मान वर केली. दगडाच्या कडेवर चार बोटं होती. नखं झिजून सपाट झालेली, कातडीच्या भेगांत पांढरी पूड भरलेली, आणि पकड अशी की दगडच त्या बोटांना धरून राहिला आहे असं वाटावं. मनगटापुढे ढग होता. तिने आणखी वर पाहिलं नाही.

बोटांनी पकड बदलली.

दगड वळायला लागला. अवजड ओंडका अरुंद दारातून काढताना इका "फीर" म्हणायची आणि दोघी अर्धं वर्तुळ फिरायच्या, तसा. स्तानाचे पाय त्याबरोबर आपोआप फिरले. तिच्या अंगाला डावीकडचा गडगा घासला, मग उजवीकडचा, मग काहीच नाही. दगड खाली आला आणि खुणेवर उभा राहिला. तिच्या हातांवरचं ओझं गेलं.

दगडाच्या पलीकडच्या बाजूने, बुडाशी, टक्-टक् झालं. डावीकडून.

८

ती उभी होती तिथे पायाखाली वाटेची खडी होती. मेंढी तिच्या गुडघ्याला अंग घासत होती. ती बाहेर होती, हे तिने मेंढीच्या कानाला हात लावून नीट पटवून घेतलं.

आणि तेवढ्यात बूरा सुटला. आधी माथ्यावर गडगडल्यासारखं झालं, मग ढग एका झटक्यात फाटून समुद्राकडे गेला. ऊन पडलं, कडक आणि थंड. स्ताना एका खडकाच्या आडोशाला बसली आणि दोन्ही हातांनी त्याला धरून राहिली. मेंढ्या तिच्याभोवती पोटावर बसल्या. खाली समुद्र पांढरा झाला होता. वाऱ्याने वाळू उडत होती, खुरटी पाइनची झाडं जमिनीला लागली होती, तिच्या डोक्याचा रुमाल गेला तो तिला दरीत जाईपर्यंत दिसत राहिला.

धीर करून तिने वर पाहिलं. माप वाटेत नेटकं बसलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी गडगा उभा होता, तीनशे पावलं, आणि एकही दगड हलत नव्हता. असा गडगा त्या अख्ख्या डोंगरात दुसरा नव्हता आणि पुढेही कोणी बांधणार नव्हतं. वरच्या घरांत हिवाळा काढायला माणसं घाबरतात. जाणती माणसं सप्टेंबरात खाली उतरतात आणि मेमध्ये जाऊन काय उरलं ते बघतात. इका नेहमी म्हणायची, एकदा तरी हिवाळा वरच काढून बघायला हवा.

गडग्याच्या पलीकडे घराचं छप्पर दिसत होतं. छपराच्या फटींतून धूर निघत होता.

भोवतालचं सगळं जग समुद्राकडे वाकलं होतं. तो धूर सरळ वर जात होता.

स्तानाने मेंढ्यांना उठवलं आणि ती उतरायला लागली.